रात्री तीन वाजता कोणाला उठवायचं?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की स्टेशनाभोवतीची गर्दी मागे पडते आणि मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकापाठोपाठ एक लागतात. मिठागरं, खाजण आणि त्यांच्या कडेकडेनं वाढत गेलेली वस्ती. मेट्रो ९ची कारशेड आधी याच पट्ट्यात व्हायची होती. गावकऱ्यांनी विरोध केला, पुढे ती डोंगरीकडे न्यायचं ठरलं, आणि त्या काळात मुर्ध्याचं नाव वर्तमानपत्रांत वरचेवर झळकलं. एरवी या गावाची बातमी होत नाही. पण मुंबईतल्या बँका, शेअर दलाल आणि मोबाइल कंपन्यांची यंत्रणा रात्रभर चालू राहावी म्हणून जी मंडळी मालाड, बीकेसी, ऐरोली, महापे इथं पडद्यांसमोर जागतात, त्यांतली कितीतरी याच पश्चिम रेल्वेच्या टोकाकडून येतात. त्यांच्या कामाच्या जागेला नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर म्हणतात, बोलताना नुसतं ‘नॉक’. जे नॉकमध्ये बसत नाहीत पण ‘ऑन-कॉल’ असतात, त्यांच्या उशाशी फोन असतो आणि त्यावर रात्री असा काही मजकूर येतो:

‘क्रिटिकल. शाखा राउटर डाऊन. ३ पोल मिस्ड. १४ चाइल्ड अलर्ट सप्रेस्ड. ॲक्नॉलेज करा.’

घरातल्या इतरांना यातलं एक अक्षर कळत नाही. ज्याला कळतं त्याला मात्र पुढची वीस मिनिटं काय करायचं, कोणाला फोन करायचा आणि कोणाला अजिबात करायचा नाही, हे या पाच तुकड्यांतून समजतं. मोठ्या संस्थांच्या संगणक-देखरेखीची परिभाषा पहिल्यांदा वाचली की ती यंत्रांबद्दल असावी असं वाटतं. थोडं मुरल्यावर लक्षात येतं की तिचा निम्म्याहून अधिक भाग माणसाच्या झोपेबद्दल आहे. हजारो यंत्रं दर मिनिटाला काहीतरी सांगत असतात. त्यांतलं काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, याचे नियम करता करता हे शब्द तयार झाले.

आधी खबर मिळते कशी ते पाहू. रस्ते दोन. एक, मध्यवर्ती संगणकानं ठरावीक वेळानं प्रत्येक यंत्राला विचारायचं, ‘तू ठीक आहेस ना? तुझा आकडा काय?’ हे ‘पोलिंग’. दुसरा, यंत्रानं काही बिघडल्यावर स्वतःहून कळवायचं. हा ‘ट्रॅप’. विचारणारा तो ‘मॅनेजर’, आणि यंत्रात बसून उत्तरं देणारा छोटा प्रोग्रॅम तो ‘एजंट’. या संभाषणाची सर्वांना मान्य अशी रीत १९८८ साली ठरली. तिचं नाव सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजे एसएनएमपी. नावातल्या ‘सिंपल’वर या धंद्यात आजवर भरपूर विनोद झाले आहेत. विचारपूस १६१ क्रमांकाच्या पोर्टवर होते, ट्रॅप १६२वर येतात. दोन्हींसाठी साधारणपणे यूडीपी वापरतात, म्हणजे पाठवलेला निरोप पोचल्याची हमी नाही. ट्रॅप वाटेत हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि ज्याला मिळायचा त्यालाही नाही. एखादं यंत्र वीज जाऊन क्षणात मेलं तर ते ट्रॅप पाठवणार तरी कसा? म्हणून पोलिंग आणि ट्रॅप दोन्ही ठेवावे लागतात. पुढच्या आवृत्तीत पोच मागणारा ‘इन्फॉर्म’ आला तो याच कारणासाठी.

एजंटाला काय काय विचारता येतं याची यादी एका झाडाच्या रूपात ठेवलेली असते. तिला ‘मिब’ म्हणतात आणि झाडाच्या प्रत्येक पानाला एक लांबलचक क्रमांक असतो, तो ‘ओआयडी’. उदाहरणार्थ १.३.६.१.२.१.१.३.० हा क्रमांक विचारला की एजंट किती वेळ सलग चालू आहे ते कळतं. व्यवहारात हेच यंत्राचं ‘अपटाइम’ धरलं जातं. हा काळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजला जातो आणि ३२ बिटांच्या डब्यात ठेवला जातो. त्या डब्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे ४२९ कोटी. ती भरायला ४९७ दिवस लागतात आणि मग काटा पुन्हा शून्यावर येतो. त्यामुळे वर्ष-दीड वर्ष बिनतक्रार चालणारा एखादा राउटर एका रात्री अचानक ‘रीस्टार्ट झाला’ असं दिसू लागतं. नवखा इंजिनिअर धावपळ करतो. जुना माणूस दिवस मोजतो आणि चहा घ्यायला जातो.

हाच ३२ बिटांचा डबा आणखी एका ठिकाणी फसवतो. तारेतून किती बाइट गेले याचा ‘काउंटर’ फक्त वाढत जातो. वेग काढायचा तर दोन वेळच्या आकड्यांतला फरक घ्यायचा आणि मधल्या वेळानं भागायचं. १९९५ साली टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी नावाचं जे साधन लिहिलं, त्यानं दर पाच मिनिटांनी असा आकडा घेऊन आलेख काढायची पद्धत जगभर रूढ केली. १०० मेगाबिटच्या भरून वाहणाऱ्या तारेवर ३२ बिटांचा काउंटर साधारण पावणेसहा मिनिटांत भरतो, म्हणजे पाच मिनिटांची फेरी कशीबशी चालून जाते. तार १ गिगाबिटची झाली की तो ३४ सेकंदांत भरतो. पाच मिनिटांनी विचारायला जावं तर मधल्या वेळेत काटा आठ-नऊ वेळा फिरून आलेला असतो आणि आलेख शांतपणे खोटं बोलतो. म्हणून पुढे ६४ बिटांचे काउंटर आले. तरीही जुन्या सवयीनं कुणी ३२ बिटांचाच क्रमांक निवडून ठेवतो आणि तुडुंब भरलेली लाइन पडद्यावर निवांत दिसते.

आता मघाच्या निरोपातलं ‘३ पोल मिस्ड’. एका हाकेला उत्तर आलं नाही म्हणून यंत्र मेलं असं कोणी समजत नाही. हाक मारण्याचं सर्वांत जुनं आणि साधं साधन म्हणजे पिंग, माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रॅमरनं १९८३च्या डिसेंबरमध्ये लिहिलेलं. पिंगचं एखादं पाकीट वाटेत गळणं ही रोजची गोष्ट. १९९९ साली इथन गॅलस्टॅड यांनी जी प्रणाली आणली आणि जी पुढे ‘नॅगिऑस’ नावानं प्रसिद्ध झाली, तिनं यासाठी दोन अवस्था केल्या. पहिल्यांदा उत्तर चुकलं की ती ‘सॉफ्ट’ अवस्था. लगेच पुन्हा विचारायचं, पण कुणाला सांगायचं नाही. ठरवलेल्या संख्येइतक्या वेळा चुकलं की ‘हार्ड’ अवस्था, आणि मगच फोन वाजतो. ही संख्या किती ठेवायची हा मात्र निव्वळ हिशेबाचा प्रश्न नाही. तीन ठेवली तर खोट्या हाका कमी होतात, पण खरी आग लागली असेल तर दोन-तीन मिनिटं उशिरा कळते. शेअर बाजाराच्या यंत्रणेत तीन मिनिटं म्हणजे फार झाली. तालुक्याच्या गावातल्या एटीएमसाठी काहीच नाहीत.

नॅगिऑसनं आणखी एक फरक शिकवला, आणि माझ्या मते या सगळ्या शब्दसंग्रहात तोच सर्वांत मोलाचा आहे: ‘डाऊन’ आणि ‘अनरीचेबल’. यंत्र बंद पडणं वेगळं आणि यंत्रापर्यंत आपल्याला पोचता न येणं वेगळं. समजा एका बँकेची भाईंदरची शाखा आहे. शाखेत एक राउटर, त्याच्या मागे स्विच, त्याच्या मागे दहा संगणक, पासबुक छापायचं यंत्र, एटीएम, सीसीटीव्ही. राउटर गेला की मागचं सगळंच अदृश्य होतं. यंत्रणेला कोण कोणाच्या मागे आहे हे सांगितलेलं नसेल तर पंधरा वेगवेगळे अलर्ट येतात. सांगितलेलं असेल, म्हणजे ‘पॅरेंट-चाइल्ड’ नातं नोंदवलेलं असेल, तर ती राउटरला ‘डाऊन’ म्हणते, उरलेल्यांना ‘अनरीचेबल’ म्हणते आणि त्यांचे अलर्ट दाबून ठेवते. त्या दाबण्याला ‘सप्रेशन’ म्हणतात. ‘१४ चाइल्ड अलर्ट सप्रेस्ड’ याचा अर्थ चौदा जणांची झोप वाचली.

याच्याच मोठ्या भावंडाचं नाव ‘इव्हेंट कोरिलेशन’. घडणारी प्रत्येक नोंद हा ‘इव्हेंट’. कुणीतरी लॉगिन केलं, पंखा जोरात फिरला, डिस्क भरत आली, तार तुटली, सगळे इव्हेंटच. त्यातल्या ज्याकडे माणसानं बघायला हवं तो ‘अलर्ट’ किंवा ‘अलार्म’. तोच तोच इव्हेंट शंभरदा आला तर शंभर ओळी न दाखवता एकच ओळ दाखवून पुढे ‘१००’ लिहायचं, हे ‘डीडुप्लिकेशन’. वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच सुमारास आलेले इव्हेंट एकत्र करून मूळ एकच आहे का ते शोधायचं, हे कोरिलेशन, आणि सापडलेलं मूळ ते ‘रूट कॉज’. विक्रीच्या पत्रकांत हे काम यंत्रणा आपोआप करते असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिला मिळणारा नकाशा जितका खरा, तितकंच तिचं उत्तर खरं. आणि नकाशे जुने झालेले असतात.

कागद आणि जमीन यांतलं असं अंतर मुंबईत सर्वांच्या डोळ्यांदेखत उघड झालं ते २४ फेब्रुवारी २०२१ला. सकाळी दहाच्या सुमारास नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर निफ्टीचे आकडे अडखळू लागले. सौदे चालू होते, पण निर्देशांक हलेना. ११ वाजून ४० मिनिटांनी एक्स्चेंजनं सर्व विभागांतले व्यवहार थांबवले. बीएसई मात्र चालू होता. नेहमीची बाजार बंद होण्याची साडेतीनची वेळ उलटून गेली आणि पावणेचारला व्यवहार पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालले. त्या मधल्या चार तासांत किती दलालांच्या कार्यालयांत काय झालं असेल ते सांगायला नको. एक्स्चेंजनं त्याच दिवशी सांगितलं की दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लाइन घेतलेल्या होत्या आणि दोन्हींकडून अडचण आल्याचं कळलं. नंतरच्या खुलाशात रस्त्याकडेच्या खोदकामाचा आणि बांधकामाचा उल्लेख आला, आणि लाइन डळमळल्यावर माहिती साठवणारी यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही, हेही आलं.

इथं ‘रिडंडन्सी’ हा शब्द तपासून बघण्यासारखा आहे. एक गेलं तर दुसरं असावं म्हणून जादा ठेवणं, इतकाच त्याचा अर्थ. गणित मोहक आहे. एक लाइन ९९ टक्के वेळ चालते. तशा दोन घेतल्या आणि त्या एकमेकींशी काही संबंध नसल्यासारख्या बिघडल्या, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे उपलब्धता ९९.९९ टक्के. पण ‘संबंध नसल्यासारख्या’ हे शब्द कागदावरच राहतात. दोन कंपन्या घेतल्या म्हणजे दोन रस्ते घेतले असं होत नाही. मुर्ध्यात हे समजवायला आकृती लागत नाही. भाईंदरहून उत्तनला जाणारा मुख्य रस्ता मुर्धा, राई आणि मोर्व्यातून जातो. त्याच्या कडेनं कितीही कंपन्यांनी फायबर टाकली तरी जेसीबीचा दात सर्वांना सारखाच. म्हणून जाणते लोक दोन पुरवठादारांवर समाधान मानत नाहीत. दोन वाटा मागतात आणि त्या नकाशावर बोट ठेवून दाखवायला लावतात. याला ‘पाथ डायव्हर्सिटी’ म्हणतात.

दुसरा धडा वीजवाल्यांकडून आला. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि ठाण्याच्या मोठ्या भागाची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिनीच्या पहिल्या सर्किटची दुरुस्ती चालू होती, भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्या दुसऱ्यातच बिघाड झाला, असं त्या वेळच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं. पर्यायी रस्ता होता. फक्त त्या दिवशी तोच मुख्य रस्ता झाला होता. संगणकांच्या देखरेखीत अशा काळासाठी ‘डिग्रेडेड’ असा शेरा असतो: सेवा चालू, पण आधार गेलेला. पडद्यावर तो पिवळ्या रंगात दिसतो आणि पिवळ्याकडे कुणी बघत नाही. माझं मत विचाराल तर दुहेरी व्यवस्थेतला एक पाय गेला, तर त्या अलर्टचा रंग लालच हवा, ग्राहकाला काही जाणवत नसलं तरी.

दुरुस्तीचा विषय निघालाच आहे तर ‘मेंटेनन्स विंडो’. भाईंदरकरांना ही कल्पना नवी नाही. रविवारचा पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक म्हणजे तीच: आधी जाहीर केलेली वेळ, ठरलेला पट्टा, आणि त्या वेळात गाडी आली नाही तर तक्रार करायची नाही. नॉकमध्येही त्या काळात संबंधित यंत्रांचे अलर्ट बंद ठेवतात आणि तो वेळ ‘प्लॅन्ड डाउनटाइम’ म्हणून वेगळा मोजतात. घोटाळा होतो तो ब्लॉक लांबल्यावर. पहाटे चारला संपायचं काम साडेपाचपर्यंत चालतं, अलर्टवरची बंदी मात्र चारलाच उठते आणि शंभर लाल ओळी एकदम उगवतात. किंवा उलट, काम लवकर संपतं, बंदी तशीच राहते आणि मधल्या वेळेत खरोखरच काही मोडलं तर ते कोणाला दिसत नाही.

‘थ्रेशोल्ड’ म्हणजे ओलांडल्यावर ओरडायची रेघ. भारतीय हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, ११५.६पासून पुढे ‘अति मुसळधार’ म्हणतं आणि २०४.४च्या वर त्याचीही पुढची पायरी धरतं. या तशाच रेघा. ११५ मिलिमीटर पावसात आणि ११६ मिलिमीटर पावसात भिजणाऱ्याला काही फरक कळत नाही, पण रेघ कुठे तरी ओढावीच लागते. संगणकांवर डिस्क ९० टक्के भरली की सांगा, प्रोसेसर ८५ टक्क्यांवर गेला की सांगा, असे आकडे लिहिलेले असतात. बहुतेक ठिकाणी ते कोणीतरी पहिल्या दिवशी सहज भरलेले असतात आणि मग वर्षानुवर्षं वेदवाक्य होऊन बसतात. १० टेराबाइटची डिस्क ९० टक्के भरली तर अजून एक टेराबाइट रिकामी आहे; १०० गिगाबाइटची भरली तर तासाभराचं काम उरलं. आकडा एकच, अर्थ वेगळा. रात्री हिशेब करणाऱ्या बॅच सर्व्हरचा प्रोसेसर १०० टक्के चालत असेल तर त्याबद्दल तक्रार कसली? तो त्याचं काम करतोय.

रेघेवर घुटमळणारा आकडा ही आणखी एक डोकेदुखी. ८४, ८६, ८४, ८६. दर वेळी अलर्ट येतो, जातो, येतो, जातो. यावरचा उपाय म्हणजे दोन रेघा: ८५च्या वर गेला की ओरड, पण ७५च्या खाली आल्याशिवाय ‘क्लिअर’ म्हणू नकोस. याला ‘हिस्टेरेसिस’ म्हणतात. यंत्रच वारंवार चालू-बंद होत असेल तर त्याला ‘फ्लॅपिंग’ म्हणतात. नॅगिऑस गेल्या २१ तपासण्यांत अवस्था किती वेळा बदलली ते मोजतं आणि फार बदलली असेल तर प्रत्येक बदलाची बातमी देणं थांबवून एकदाच सांगतं, ‘हे फडफडतंय.’ सैल प्लग, गंजलेला कनेक्टर, पावसात भिजलेला जोड, अशा गोष्टींचं हे लक्षण. जून-जुलैत किनाऱ्याकडच्या टॉवरांवर काम करणाऱ्यांना ते चांगलं ओळखीचं आहे.

ठरावीक रेघेऐवजी ‘बेसलाइन’ वापरावी, ही पुढची पायरी. सोमवारी सकाळी दहाला इतकी गर्दी असते, रविवारी दुपारी इतकी असते, हे यंत्रणेनं काही आठवडे बघून शिकायचं आणि नेहमीपेक्षा वेगळं दिसलं तर सांगायचं. या पद्धतीचं बळ असं की कमी गर्दीही तिला खटकते. बाजार सव्वानऊला उघडला आणि नऊ वीसला सौद्यांचा ओघ शून्याजवळ असेल, तर प्रोसेसर मस्त थंड असेल, डिस्क रिकामी असेल, एकही रेघ ओलांडली नसेल आणि तरीही सगळं बिघडलेलं असेल. तिची खोड अशी की ती पंचांग बघत नाही. दिवाळीत सुट्टीच्या दिवशी तासाभराचं मुहूर्त ट्रेडिंग झालं की तिला ते संकट वाटतं. पगाराची एक तारीख, दसऱ्याची खरेदी, दहावीचा निकाल, हे सगळं तिला माणसानं सांगावं लागतं. बीएमसी सॉफ्टवेअर या ह्यूस्टनच्या कंपनीनं २००७ साली प्रोॲक्टिव्हनेट नावाची कंपनी विकत घेतली ती नेमक्या याच कलेसाठी. या बीएमसीचं मोठं विकासकेंद्र पुण्यात आहे. मुंबईत बीएमसी म्हटल्यावर ज्यांना खड्डे आठवतात त्यांनी ही वेगळी समजावी. तिच्या जुन्या ‘पॅट्रोल’ या साधनात प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी ‘नॉलेज मॉड्यूल’ असायचं: ओरॅकलसाठी काय बघायचं, युनिक्ससाठी काय बघायचं, याचं जाणत्या माणसांचं शहाणपण त्यात भरून ठेवलेलं.

सरासरी हा तर वेगळाच सापळा. शंभर ग्राहकांपैकी ९५ जणांना ०.२ सेकंदात उत्तर मिळालं आणि पाच जण १० सेकंद ताटकळले, तर सरासरी येते सुमारे ०.७ सेकंद. अहवाल छान दिसतो. प्रत्यक्षात ०.७ सेकंद हा अनुभव शंभरांतल्या एकालाही आलेला नसतो. म्हणून आता ‘९५ पर्सेंटाइल’, ‘९९ पर्सेंटाइल’ अशी भाषा करतात: सर्वांत रखडलेल्या पाच टक्क्यांना किंवा एका टक्क्याला निदान किती थांबावं लागलं ते सांगा.

निरोपातला पहिला शब्द ‘क्रिटिकल’. तीव्रतेच्या पायऱ्यांना ‘सेव्हेरिटी’ म्हणतात. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीत ‘सिसलॉग’ लिहिलं. त्या रिवाजात शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या आहेत आणि आकडा जितका लहान तितकं संकट मोठं: शून्य म्हणजे यंत्रणा वापरण्याजोगी उरली नाही, सात म्हणजे प्रोग्रॅमरच्या उपयोगाची बारीकसारीक नोंद. दूरसंचारवाल्यांनी आपली वेगळी शिडी केली: क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग, आणि दुरुस्त झाल्यावर क्लिअर्ड. आठ पायऱ्या असोत की चार, रात्रपाळीच्या माणसाला दोनच कळतात, आत्ता आणि सकाळी. प्रत्येक विभागाला आपलं यंत्र क्रिटिकल वाटतं हा इथला जुनाच आजार. सगळंच क्रिटिकल झालं की क्रिटिकलचा अर्थ ‘नेहमीचंच’ असा होतो. याचं नाव ‘अलर्ट फटीग’, आणि त्याची सुरुवात ओळखायची खूण सोपी आहे: ऑन-कॉलवाला झोपेतच अंगठ्यानं ‘ॲक्नॉलेज’ दाबतो आणि कूस बदलतो. खरं तर ॲक्नॉलेज म्हणजे ‘मी बघतोय, दुसऱ्या कुणाला उठवू नका’ असं वचन. ते ठरलेल्या मिनिटांत आलं नाही तर हाक वरच्या माणसाकडे जाते. हे ‘एस्कलेशन’.

अलर्टनंतर जे सुरू होतं त्याची परिभाषा ब्रिटिश सरकारनं १९८०च्या दशकात बांधायला घेतलेल्या ‘आयटिल’ या चौकटीतून आली. सेवा बिघडली, ती आधी चालू करा, हा ‘इन्सिडेंट’. पुन्हा पुन्हा का बिघडते ते शोधा, हा ‘प्रॉब्लेम’. त्यासाठी काही बदलायचं असेल तर परवानगी घेऊन बदला, हा ‘चेंज’. इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम यांची गल्लत फार महागात जाते. रात्री तीन वाजता मुळापर्यंत जायचा हट्ट धरणारा इंजिनिअर हुशार असतो, पण तेवढा वेळ शाखा बंद राहते. आणि सर्व्हर रीस्टार्ट करून निजणारा माणूस शाखा चालू करतो, पण दर गुरुवारी तेच करतो.

मग येतात नऊच्या रांगा. करारात, म्हणजे ‘एसएलए’मध्ये, उपलब्धता ९९.९ टक्के लिहिली तर वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटांच्या आत. ९९.९९९, ज्याला ‘फाइव्ह नाइन्स’ म्हणतात, त्यात वर्षभरात सव्वापाच मिनिटं. हे आकडे वाचताना दोन गोष्टी विचारायच्या. पहिली, कुठून मोजलं? पुरवठादार आपल्या दारात उभा राहून मोजतो, ग्राहक आपल्या खुर्चीत बसून, आणि मधली तार कोणाच्याच हिशेबात नसते. दुसरी, घड्याळ कधी सुरू झालं? बिघाड झाला तेव्हा, यंत्रणेला दिसला तेव्हा, की तक्रारीचं ‘तिकीट’ उघडलं तेव्हा? बिघाड झाल्यापासून दिसेपर्यंतचा सरासरी वेळ तो ‘एमटीटीडी’, आणि सेवा पूर्ववत होईपर्यंतचा तो ‘एमटीटीआर’. पहिला आकडा अहवालात सहसा नसतो, कारण तो लिहिला की आपण किती वेळ काही न कळता बसलो होतो ते कबूल करावं लागतं.

एक प्रश्न नॉकमध्ये नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: बघणारी यंत्रणाच बंद पडली तर? तेव्हा पडद्यावर एकही लाल ओळ नसते, सगळं हिरवं आणि शांत. यासाठी ‘हार्टबीट’ असतो, ठरावीक वेळानं ‘मी आहे’ एवढंच सांगणारा. साउंडक्लाउड कंपनीत २०१२ साली जन्मलेल्या ‘प्रोमिथियस’ या साधनाभोवतीच्या मंडळींनी याला छान उलटं रूप दिलं. ‘वॉचडॉग’ नावाचा एक अलर्ट ते मुद्दाम कायम वाजता ठेवतात. तो बाहेरच्या दुसऱ्या व्यवस्थेकडे जात राहतो आणि तिकडे यायचा थांबला की ती माणसाला उठवते.

त्याच प्रोमिथियससोबत चालणाऱ्या ‘अलर्टमॅनेजर’मध्ये एखाद्या अलर्टचा आवाज काही काळ बंद करायची सोय आहे, तिला ‘सायलेन्स’ म्हणतात. पाळी बदलताना तोंडी सांगायच्या गोष्टींत ही यादी सर्वांत आधी सांगायची असते: कोणकोणते आवाज बंद केलेत आणि का. कारण विसरलेला सायलेन्स महिन्यांनंतर सापडतो, तोही बहुधा काहीतरी मोडल्यावर. त्या फॉर्मवर बंदी कधी उठणार ती वेळ भरावीच लागते, आणि ती कोणी घातली व कशासाठी तेही. ‘कायमचा’ असा पर्याय तिथं ठेवलेलाच नाही.